पट्टा नसलेलं कुत्रं बेवारस नसतं

प्रति,
तालुका पंचायतीचे कार्यनिर्वाहक अधिकारी,
पशुवैद्यकीय खात्याचे तालुक्याचे सहायक संचालक,
आणि सर्व ग्रामपंचायतींचे पंचायत विकास अधिकारी (पीडीओ), अध्यक्ष व सदस्य.

महोदय, सविनय नमस्कार.

आमच्या गावांतल्या पंचायत कार्यालयांबाहेर आपण नोटीस लावली आहे. १५ दिवसांत कुत्र्याचा परवाना काढा, गळ्यात पट्टा आणि बिल्ला घाला, कुत्रं बांधून ठेवा. मुदतीनंतर जे मोकळं दिसेल ते बेवारस धरून गाडीत घालू आणि तालुक्याबाहेर सोडू, असं त्यात लिहिलं आहे. मांजरांचा उल्लेख नाही. लशीचा तर कुठेच नाही.

चावण्याच्या तक्रारी खऱ्या आहेत. शाळेच्या वाटेवर पोरं घाबरतात, आणि ती पोरं आमचीच आहेत. काही केलं पाहिजे याबद्दल आमचं दुमत नाही. पण नोटिशीत जे ठरवलं आहे त्याने रेबीज कमी होणार नाही, उलट वाढायला वाट मिळेल. म्हणून हे पत्र. ते खुलं ठेवलं, कारण यातली बरीच कामं गावकऱ्यांच्या हातची आहेत आणि त्यांनीही ते वाचायला हवं.

आम्ही बेळगावच्या सीमाभागात कुत्र्या-मांजरांसोबत राहणारी माणसं. कुणी मळ्यातल्या वस्तीवर राहतो, कुणी मेंढरांमागे फिरतो, कुणी गावठाणात दुकान चालवतो. आमच्याकडे कुत्रं कसं राहतं हे आधी सांगायला हवं, कारण नोटीस लिहिताना ते कुणी विचारात घेतलेलं दिसत नाही. खानापूरकडच्या जंगलालगतच्या वाड्यांत रात्री भातात डुकरं उतरतात आणि बिबट्या गोठ्यापर्यंत येतो. तिथे कुत्रं बांधून ठेवणं म्हणजे ते बिबट्याच्या तोंडी देणं, कारण साखळीतल्या कुत्र्याला पळता येत नाही. चिकोडी, निपाणी, हुक्केरीकडे उसाच्या मळ्यांत एकेकटी घरं आहेत. तिथलं कुत्रं दिवसा बांधावर झोपतं आणि रात्री सगळ्या शिवाराला फेरी मारतं. धनगरांच्या कळपाबरोबरची कुत्री तर बांधली की कामाचीच राहत नाहीत. ही सगळी घरची कुत्री. त्यांना नाव आहे, भाकरीची वेळ आहे, आजारी पडली तर रात्री जागणारं माणूस आहे. फक्त पट्टा नाही. गावठाणातल्या गल्लीतही अशीच कुत्री असतात, चार घरांत मिळून एक. त्याला कुणी एकटा 'माझं' म्हणत नाही आणि 'कुणाचंच नाही' असंही कुणी म्हणत नाही.

आता नोटिशीचा हिशेब मांडून पाहा. समजा, एका गावात १०० कुत्री आहेत आणि त्यांतल्या ६० जणांना रेबीजची लस टोचलेली आहे. पकडणारी गाडी आली की हाताला कोण लागतं? जी माणसाळलेली आहेत, हाक मारली की शेपूट हलवत येतात, ती. म्हणजे लस टोचलेलीच. बुजरी असतात ती उसात शिरतात. ४० कुत्री नेली आणि त्यांतली ३५ लसवाली निघाली, तर मागे ६० उरतात आणि त्यांत लसवाली फक्त २५. शेकडा ६० होती ती शेकडा ४२ वर आली. रेबीजची साखळी तोडायला गावातल्या शेकडा ७० कुत्र्यांना लस टोचलेली असावी लागते, हे जागतिक आरोग्य संघटनेपासून सगळे सांगतात. आपण त्या आकड्याच्या उलट दिशेने निघाला आहात. शिवाय मोकळ्या झालेल्या जागेत, उकिरडा आहे तोवर, शेजारच्या गावची बिनलसीची कुत्री येऊन बसतात. एका भादव्यात, म्हणजे कुत्र्यांच्या माजाच्या एका हंगामात, पहिली संख्या भरून निघते.

कायद्याचंही तेच म्हणणं आहे. २००१ चे नियम मागे पडून २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आले. त्यांनुसार कुत्रं पकडायचं ते नसबंदी आणि लशीसाठी, आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. ही जबाबदारी स्थानिक संस्थेवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं अशा आवारांतली कुत्री हलवायला सांगितलं खरं, पण तिथेही आधी नसबंदी आणि लस, आणि मग निवारा. रानात नेऊन सोडा असं कुणीही सांगितलेलं नाही. उपाशी-तहानेली मरतील अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे.

'तालुक्याबाहेर' म्हणजे कुठे, हेही नोटिशीत नाही. आमच्याकडे तालुक्याबाहेर म्हणजे बहुतेक घाट आणि जंगल. भीमगड अभयारण्याच्या भोवती कोळसुंदे, म्हणजे रानकुत्री, आहेत, बिबटे आहेत. गावातल्या बिनलसीच्या कुत्र्यांमध्ये डिस्टेंपर हा विषाणूचा साथीचा आजार असतो आणि तो कोळसुंद्यांच्या कळपात शिरला तर कळपच संपतो. जी दोन-चार कुत्री जगतील ती टोळी करून हरणांमागे लागतील नाहीतर जवळच्या वाडीतल्या शेळ्यांवर पडतील. म्हणजे एका गावची तक्रार दुसऱ्या गावाच्या माथी.

सर्वांत घातक गोष्ट चावलेल्या माणसाच्या बाबतीत घडते. कुत्रं किंवा मांजर चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, वर पोव्हिडोन आयोडीन लावायचं आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. जखमेवर चुना, हळद, तिखट काही लावायचं नाही. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत आणि जखमेभोवती सीरम, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, टोचावं लागतं, कारण लशीची प्रतिकारशक्ती तयार व्हायला दिवस जातात आणि तेवढ्या दिवसांत विषाणू मज्जातंतूत शिरू शकतो. पहिल्या लशीनंतर ७ दिवस उलटले की मग सीरमचा उपयोग नाही. इथपर्यंत आशा कार्यकर्त्यांनाही माहीत असतं. पण याच्या जोडीला चावा घेणारं जनावर १० दिवस डोळ्यांसमोर ठेवायचं असतं. चावताना त्याच्या लाळेत विषाणू असेल तर १० दिवसांत ते लक्षणं दाखवून मरतं. ठणठणीत राहिलं तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नाही, आणि डॉक्टर पुढचे डोस थांबवायचे की नाही ते ठरवू शकतात. तक्रार आली की आपली गाडी नेमकं तेच कुत्रं उचलून घेऊन जाते. मग कशावर लक्ष ठेवायचं? चावलेला मुलगा आणि त्याचे आईबाप महिनाभर जीव मुठीत धरून बसतात. त्या कुत्र्याला हाकलायचं नसतं, मारायचंही नसतं. बंद गोठ्यात किंवा पिंजऱ्यात ठेवून लांबून पाणी-भाकरी सरकवायची.

याच १० दिवसांत काय पाहायचं, तेही कुणी गावात सांगत नाही. पिसाळलेलं कुत्रं दर वेळी धावूनच येतं असं नाही. कधी ते अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतं, आवाज घोगरा होतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, मागचे पाय लडखडतात. घशात हाड अडकलं असेल म्हणून माणसं तोंडात हात घालतात, आणि तिथेच घात होतो. गाईम्हशींतही हेच. गिळता येत नाही म्हणून मालक घशात हात घालून पाहतो. असं जनावर दिसलं तर हात न लावता दवाखान्याला कळवायचं. मेलं तर डोकं बर्फात घालून रेबीज प्रयोगशाळेत पाठवायचं, फॉर्मलिनमध्ये नाही. बेंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात अशी प्रयोगशाळा आहे. पण नमुना कुणी काढायचा, कुणी पाठवायचा याची इथे व्यवस्था नाही, म्हणून जनावर खड्ड्यात जातं आणि नोंद होत नाही. नोंद नाही म्हणून लस येत नाही.

आता लशीबद्दल, कारण खरी दुखरी नस तीच आहे.

जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्याची लस वर्षातले कितीतरी महिने नसते. असते तेव्हा शिबिर लागतं ते तालुक्याच्या गावी, सकाळी ११ वाजता. ज्या कुत्र्याला जन्मात साखळी लागलेली नाही ते १२ किलोमीटर टेम्पोतून येणार कसं? आलं तर तिथे पन्नास परकी कुत्री बघून बिथरतं, चावतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच 'चावरं कुत्रं' म्हणून यादीत चढतं. जे येतात ते पट्ट्यातली लॅब्राडॉर घेऊन येतात. वाडीवरचं गावठी कुत्रं, ज्याला लस सर्वांत आधी हवी, ते मागेच राहतं.

दारोदार जाऊन लस देणं अवघड नाही. वेळ मात्र पाळावी लागते. सकाळी ६ ते ८.३०, कुत्रं शिवारात जायच्या आधी. आदल्या दिवशी डंगोरा आणि व्हॉट्सअॅपवर निरोप, म्हणजे घरातलं ओळखीचं माणूस घरी थांबेल. पथकात तिघं पुरतात, टोचणारा, लिहिणारा आणि रंगाची खूण करणारा. धरायचं काम मालकाचं. भाकरीचा तुकडा गुळात बुडवून पुढे करायचा. कुत्र्याच्या डाव्या बाजूला गुडघ्यावर बसायचं, डावा हात मानेखालून नेऊन डोकं छातीशी दाबून धरायचं आणि उजवा हात पोटाखाली घालायचा. चावरं असेल तर सुती कापडाची हातभर पट्टी घ्यायची. आधी नाकाडावर एक गाठ, मग हनुवटीखाली एक, मग दोन्ही टोकं कानांमागे नेऊन सुरगाठ. १ मिलीचा डोस मानेवरची सैल कातडी उचलून तिच्याखाली किंवा मागच्या मांडीत. प्रत्येक जनावराला नवी सुई. टोचून झालं की पाठीवर मेंढरांना लावतात तसल्या रंगाची रेघ, म्हणजे दुपारी गल्लीत फिरून बिनरेघेची किती राहिली ते मोजता येतं. शेकडा ७० झाले की नाही हे असंच कळतं, रजिस्टरवरून नाही.

लस खराब कुठे होते, तेही लिहितो. ती २ ते ८ अंशांत राहायला हवी. दवाखान्यातला फ्रीज घरगुती असतो. त्याच्या दारात बाटल्या ठेवल्या तर दार उघडताना गरम होतात आणि बर्फाच्या कप्प्याला टेकल्या तर गोठतात. गोठलेली लस वितळून जशीच्या तशी दिसते, पण निकामी झालेली असते. शिबिराच्या दिवशी फ्रीझरमधले दगडासारखे आइसपॅक थेट बाटल्यांना भिडवून डबा भरतात, तिथेही हेच होतं. आइसपॅक बाहेर काढून ठेवायचे, त्यांवर घाम यावा, हलवल्यावर आत पाणी खुळखुळावं, मगच डब्यात लावायचे आणि बाटल्या कापडात गुंडाळून मध्ये ठेवायच्या. मुलांच्या नेहमीच्या लसीकरणात प्राथमिक आरोग्य केंद्राचे लोक हेच करतात. तेच डबे, तीच शिकवण जनावरांच्या दवाखान्याला मिळायला काय हरकत आहे? लोडशेडिंग असलेल्या गावांत फ्रीजमध्ये एक साधा थर्मामीटर आणि दिवसातून दोनदा लिहायची वही, एवढ्यानेही बराच फरक पडेल. दहा डोसांची बाटली उघडली की त्याच दिवशी संपवायची. चार कुत्री आली म्हणून अर्धी बाटली परत फ्रीजमध्ये ठेवायची नाही.

वेळापत्रक आमच्या हंगामाचं हवं. कुत्र्यांचा माज भादव्यात असतो. ६३ दिवसांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, घरोघरी पिल्लं होतात. ती तीन महिन्यांची होतात माघ-फाल्गुनात, आणि पहिली लस तेव्हाच. त्याच सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या असतात, त्यांच्याबरोबर आलेली कुत्री असतात आणि ती टोळी जायच्या आत टोचता येतात. मोहीम २८ सप्टेंबरच्या रेबीजदिनी फोटोपुरती झाली तर त्या वर्षीची सगळी पिल्लं सुटतात, कारण ती तेव्हा जन्मलेलीच नसतात. मोहिमेत तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू दारात दिसलं तरी त्याला टोचावं, फक्त त्याला वयाच्या तीन महिन्यांनंतर पुन्हा टोचायचं म्हणून वेगळी खूण करून ठेवावी. नसबंदीचं मात्र उलट. ती भादव्याच्या आधी, वैशाख-ज्येष्ठात झाली पाहिजे. कार्तिकात पिल्लं पाजणारी कुत्री उचलून नेली तर मागे पिल्लं मरतात, आणि ते पाहून गाव पुढच्या वेळी एकही कुत्रं हातात देत नाही.

मांजरांना नोटिशीत जागाच नाही, आणि हे चूक आहे. मांजरालाही रेबीज होतो. ते रात्री कुत्र्याशी भांडून येतं आणि पहाटे पोरांच्या अंथरुणात शिरतं. लस त्यालाही तीन महिन्यांनी पहिली आणि मग दरवर्षी. पोत्यात कोंबून आणलेलं मांजर टोचता येत नाही, ते फाडतं. पथक यायच्या आधी त्याला दूध घालून कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकून ठेवायचं. मग जाड टॉवेल अंगावर टाकून मानेपासून खाली चारही पाय आत घेत घट्ट गुंडाळायचं आणि फक्त मागची मांडी बाहेर ठेवायची. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, पिल्लं अंगावर असतानाही राहते. तरी तिच्या नसबंदीची सोय तालुक्यात नाही. आणखी दोन गोष्टी औषधवाल्यांनी आणि घरच्यांनी लक्षात ठेवाव्यात. माणसाची पॅरासिटॅमॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. कुत्र्याच्या गोचिडांवरचं परमेथ्रीनचं औषध मांजराला लावलं तर झटके येऊन ते मरतं.

विषाबद्दल. नोटीस लागल्यापासून काही ठिकाणी कुत्र्यांना मटणातून विष घालण्याची भाषा सुरू झाली आहे, आणि आपण त्यावर एक शब्द काढलेला नाही. बहुतेक वेळा हे थिमेट असतं, म्हणजे फोरेट हे कीटकनाशक. फोरेटवर २०२० अखेरपासून बंदी आहे, तरी उसाच्या पट्ट्यात जुन्या पिशव्या निघतात. तेच मटण राखणीचं कुत्रं खातं, मांजर खातं, कावळे-घारी खातात, आणि हात न धुता जेवलेलं पोरही त्यात सापडतं. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या, अंग थरथरतं, पातळ होतं, श्वास अडकतो. अशा वेळी मिठाचं पाणी किंवा तेल पाजू नये, ते फुप्फुसात जातं. अंगाला लागलं असेल तर हातमोजे घालून धुवावं आणि लगेच दवाखाना गाठावा. तिथे अ‍ॅट्रोपीन हवं. ते नसेल तर डॉक्टर काय करणार? उंदरांच्या ब्रोमॅडिओलोनच्या वडीचंही असंच. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर दोन-चार दिवसांनी हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. वेळेत व्हिटॅमिन के-१ दिलं तर वाचतं. जनावर मारणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. हे पंचायतीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लागलं पाहिजे.

आणखी एक अडचण फक्त सीमेवरच्यांची. आमच्या कितीतरी गावांना गडहिंग्लज, चंदगड, कोल्हापूर जवळ पडतं आणि कुत्रं-मांजर तिथल्या डॉक्टरकडे टोचलं जातं. ते कार्ड महाराष्ट्रातलं म्हणून परवान्यासाठी परत पाठवतात. लशीच्या बाटलीवरचा बॅच नंबर, तारीख आणि नोंदणीकृत डॉक्टरची सही असेल तर ते कार्ड कुठलं याला महत्त्व नाही. नोटीसही फक्त कन्नडमध्ये आहे. कन्नडबरोबर ती मराठीत दिली तर वाडीवरची म्हातारी माणसं स्वतः वाचून नियम पाळतील.

आपल्या शेजारच्या मुधोळच्या कुत्र्यांचं टपाल तिकीट २००५ मध्ये निघालं, तिम्मापूरला त्यांचं संशोधन केंद्र आहे आणि ती कुत्री लष्करातही गेली. त्याचा आम्हाला अभिमान आहे. त्याच मातीतल्या बिननावाच्या जातीच्या राखणदारांना वर्षाला एक मिली लस मिळावी, एवढंच आम्ही म्हणतो आहोत.

आमच्या मागण्या या आहेत.

मोकळं दिसेल ते बेवारस, हे नोटिशीतलं कलम मागे घ्या आणि तालुक्याबाहेर सोडणं आजपासून थांबवा. ज्या घराने किंवा गल्लीने 'हे आमचं' म्हणून सही केली, त्या कुत्र्याची नोंद पट्ट्याशिवायही घ्या. पहिल्या वर्षी परवान्याला फी लावू नका, लशीची नोंद हाच परवाना समजा.

माघ-फाल्गुनात प्रत्येक गावात आणि वस्तीवर सकाळी दारोदार लस द्या, कुत्र्यांना आणि मांजरांनाही. मेंढरांचे तळ आणि ऊसतोडीच्या झोपड्या यादीत घ्या. गावाची संख्या आधी मोजा आणि शेकडा ७० चा आकडा ग्रामसभेत वाचून दाखवा.

दवाखान्यात लस, अ‍ॅट्रोपीन आणि व्हिटॅमिन के-१ किती शिल्लक आहे ते दर सोमवारी फलकावर लिहा. माणसांचं सीरम प्रत्येक तालुका रुग्णालयात असू द्या. रक्ताळलेल्या पोराला त्यासाठी जिल्ह्याच्या गावी धावत जावं लागू नये.

चावा घेणाऱ्या कुत्र्याला १० दिवस ठेवायला प्रत्येक पंचायतीने एक बंद खोली किंवा पिंजरा द्या. संशयित मेलेल्या जनावराचा नमुना पाठवायची जबाबदारी एका माणसावर नावानिशी टाका.

नसबंदी ज्येष्ठ संपायच्या आत. कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडलं याची सही त्या गल्लीतल्या माणसाकडून घ्या. हॉटेलांच्या आणि मटणाच्या दुकानांच्या मागचा कचरा रोज उचला. तो तसाच राहिला तर बाकी सगळं फुकट जाईल.

कुत्री धरायला, घरं दाखवायला, याद्या करायला आमची माणसं पहाटे सहाला तयार असतील. त्यासाठी आम्ही पैसे मागत नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या आणि नोटिशीची १५ दिवसांची मुदत संपायच्या आत लेखी उत्तर द्या, ही विनंती.

आपले,
सीमाभागातल्या वाड्या-वस्त्यांवरचे कुत्री-मांजरं पाळणारे ग्रामस्थ